स्वस्तातली एअरसॉफ्ट स्नायपर: स्प्रिंग बदलण्याआधी हे वाचा

मार्चमध्ये रेडिंगहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून त्याने शंभरेक पौंडांची एअरसॉफ्ट स्नायपर रायफल घेतली. तीही अर्धी निळ्या रंगाची, कारण खेळाडू म्हणून त्याची नोंदणी अजून झालेली नाही. बहीण म्हणाली, "ताई, आता म्हणतो ही अपग्रेड करायची आहे, अजून तीनशे पौंड लागतील. शंभराच्या वस्तूवर तीनशे कशाला? आणि मुळात हे सगळं धोक्याचं नाही ना?"

तिचे दोन्ही प्रश्न रास्त होते. मी मूळची नाशिकची, आता कोव्हेंट्रीजवळ राहते. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि सहा वर्षांपासून हा खेळ खेळते. इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत मुलं-मुली रविवारी चिखलाचे बूट घालून रानात जातात, आणि नेमकं काय चाललंय हे आईवडिलांना कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि पहिली रायफल हातात घेऊन "आता काय बदलू" म्हणणाऱ्या त्यांच्या मुलांसाठीही.

आधी हे काय आहे ते पाहू

एअरसॉफ्ट हा जपानमध्ये जन्मलेला खेळ. तिथे सामान्य माणसाला बंदूक बाळगणं जवळपास अशक्य, म्हणून खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या पण प्लास्टिकची गोळी मारणाऱ्या प्रतिकृती निघाल्या. गोळीचा व्यास ६ मिलिमीटर, नीट सांगायचं तर ५.९५. खेळाडू तिला बीबी म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. दोन गट मैदानात उतरतात, बीबी लागली की आपण होऊन हात वर करून "हिट" म्हणायचं आणि बाहेर जायचं. पंच प्रत्येक झाडामागे उभा नसतो. सगळा खेळ प्रामाणिकपणावर चालतो.

यात स्नायपर म्हणजे एका वेळी एकच गोळी मारणारी, हाताने बोल्ट (बाजूचा दांडा) ओढून भरायची रायफल. स्वस्तातल्या बहुतेक रायफली चिनी बनावटीच्या असतात आणि त्या कुठल्या तरी जपानी मॉडेलवर बेतलेल्या असतात. तोक्यो मारुई कंपनीची व्हीएसआर-१० ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध. वेलची एमबी०३ आणि जेजीची बार-१० या तिच्या नकला. वेलची एमबी०१ मात्र वेगळ्या घराण्यातली, ब्रिटिश सैन्याच्या एल९६ रायफलीसारखी दिसणारी. ही वंशावळ सांगायचं कारण व्यवहारातलं आहे: व्हीएसआरचा दट्ट्या (आतला पिस्टन) एमबी०१ मध्ये बसत नाही. सुटा भाग मागवण्याआधी आपली रायफल कुठल्या घराण्यातली ते पाहा. परत पाठवलेल्या पार्सलांची निम्मी कारणं इथेच असतात.

आत सायकलचा पंप आहे

या रायफलीत दारू नाही, गॅस नाही, बॅटरी नाही. आहे तो सायकलला हवा भरायचा पंप, फक्त हाताऐवजी स्प्रिंग तो दाबते. बोल्ट मागे ओढला की दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि एक छोटी कडी दट्ट्याला अडकवून धरते. बोल्ट पुढे ढकलला की एक बीबी मॅगझिनमधून (बीबी भरायच्या डबीतून) उचलली जाऊन नळीच्या तोंडाशी बसते. चाप ओढला की कडी सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि ती बीबीला नळीतून बाहेर ढकलते. यापलीकडे आत काही नाही.

लहानपणी पंप मारताना हवाच जात नाही असं झालं, की बाबा पंप उघडून आतला कातडी वॉशर काढायचे. तो सुकलेला असायचा. तेलाचे दोन थेंब लावून, बोटाने जरा फुगवून परत बसवला की पंप पुन्हा जोर धरायचा. दट्ट्याच्या टोकाला जी रबरी रिंग असते तिचं काम अगदी त्याच वॉशरचं. त्यामुळे रायफल कमजोर वाटली तर पहिला प्रश्न "स्प्रिंग किती जोराची आहे" हा नाही. "हवा कुठून गळते आहे" हा आहे.

बीबी लांब जाते ती फिरकीमुळे

हे बहुतेकांना ठाऊक नसतं. खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.४ मीटरवरून कुठलीही वस्तू आडवी सोडली की अर्ध्या सेकंदाच्या आसपास ती जमिनीवर येते. त्या वेळात बीबी जेमतेम ३५ ते ४० मीटर जाते. मग खेळाडू साठ-सत्तर मीटरवर माणूस कसा टिपतात?

नळीच्या सुरुवातीला रबराचा एक छोटा उंचवटा वरून खाली आलेला असतो. बीबी जाताना तिचा माथा त्याला घासतो, म्हणून वरची बाजू मागे रेटली जाते आणि बीबी उलटी फिरत बाहेर पडते. या व्यवस्थेला हॉप-अप म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. फिरकी गोलंदाज टॉपस्पिन देतो तेव्हा चेंडू अपेक्षेआधी खाली येतो. त्याच्या बरोबर उलटी फिरकी दिली तर चेंडू हवेत तरंगतो. बीबीच्या बाबतीत हे तरंगणं इतकं प्रभावी असतं, की तिचं वजन जवळपास पेललं जातं आणि ती बराच वेळ सरळ रेषेत जाते. भौतिकशास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात.

म्हणजे रायफलीचा पल्ला ठरवतो तो नखाएवढा रबराचा तुकडा. स्वस्त रायफलीत सगळ्यांत हलक्या दर्जाचा भागही नेमका हाच असतो.

"पण स्प्रिंग जोरदार लावली तर बीबी लांब जाईलच ना?"

हा प्रश्न मला दर रविवारी कोणीतरी विचारतं. सहा वर्षांपूर्वी मीही स्वतःला हाच विचारला होता आणि उत्तर न शोधता स्प्रिंग बदलली होती. महिन्याभरात आतली कडी झिजून तुटली. म्हणून इथे आकडे मांडते.

बीबीची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट हवा तर ऊर्जा चौपट लागते. समजा ०.४० ग्रॅमची बीबी तुम्ही २ ज्यूलऐवजी २.५ ज्यूलने मारली. ऊर्जा पंचवीस टक्के वाढली, पण वेग वाढला १२ टक्केच, आणि हवेचा विरोध धरून गणित केलं तर फिरकीशिवायचा पल्ला वाढतो साधारण तीन मीटर. तीन मीटरसाठी तुम्ही कडीवर, दट्ट्यावर आणि बोल्ट ओढणाऱ्या मनगटावर पंचवीस टक्के जास्त ताण टाकलात. वर इंग्लंडमध्ये २.५ ज्यूल ही कायद्याची वेस आहे. तिच्यापलीकडे गेलं की खेळणं खेळणं राहत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आता वजनाचं बघा. एक थर्माकोलचा गोळा आणि तेवढ्याच आकाराची काचेची गोटी फेका. थर्माकोल हातातून सुटताना वेगात असला तरी चार पावलांत मरतो, गोटी लांब जाते. बीबीचंही तसंच. आकार सगळ्यांचा एकच, वजनं वेगवेगळी: ०.२०, ०.२८, ०.३२, ०.३६, ०.४०, ०.४३ अशी.

एकाच रायफलीतून सारख्याच ऊर्जेने, म्हणजे २.३ ज्यूलने, दोन बीबी मारल्या असं धरू. ०.२० ग्रॅमची सुटते सेकंदाला १५२ मीटर वेगाने. ०.४० ची सुटते फक्त १०७ ने. पण हलकी बीबी दर अठरा मीटरला आपला वेग निम्मा करते, जडीला त्यासाठी ३७ मीटर लागतात. वीस मीटरवर दोघी जवळपास बरोबरीत येतात. चाळीस मीटरवर हलकीचा वेग उरतो तेहतीसच्या आसपास, जडीचा पन्नास. पन्नास मीटरवरच्या माणसापर्यंत हलकीला जवळपास एक सेकंद लागतो, जडीला पाऊण. शिवाय वाऱ्याची झुळूक हलकीला सहज बाजूला नेते.

स्प्रिंग बदलून जे मिळणार नाही ते बीबीची पिशवी बदलून मिळतं. पहिला अपग्रेड हाच, आणि त्यासाठी रायफल उघडावीही लागत नाही.

एक अट मात्र आहे. जड बीबी उचलायला फिरकीही जास्त लागते, आणि स्वस्त रायफलीचं मूळ रबर ०.४० ला पुरेसं उचलू शकत नाही. म्हणून सुरुवात ०.३० ते ०.३६ पासून करा. चांगल्या कंपनीच्या, चकचकीत, शिवण न दिसणाऱ्या बीबी घ्या. इथल्या बऱ्याच मैदानांवर जमिनीत विघटन होणाऱ्या बीबीच चालतात. त्या ओलावा धरतात, म्हणून पिशवी घट्ट बंद करून ठेवा. आणि मैदानावर पडलेली बीबी उचलून पुन्हा कधीही भरू नका. तिला चिकटलेला वाळूचा एक कण नळीच्या आतून नांगर फिरवावा तसा फिरतो.

पैसा न लागणारी कामं आधी

नव्या रायफलीच्या नळीत कारखान्यातलं तेल असतं, कधी कधी चिकट थरच. ते तेल हॉप-अपच्या रबराला लागलं की रबर घासायच्या ऐवजी घसरतं आणि प्रत्येक बीबीला वेगळी फिरकी मिळते. लोक हे न पाहता "रायफलच वाईट" म्हणतात.

मॅगझिन काढा. सुरक्षित दिशेला एक रिकामा चाप ओढून स्प्रिंग सैल करा. डोळ्यांवर संरक्षक गॉगल चढवा. हॉप-अप पूर्ण बंद करा, म्हणजे रबर वर उचललं जाईल. मग सोबत आलेल्या सळईला मऊ, धागे न सुटणाऱ्या सुती कापडाची पट्टी लावून नळी पुसा. आमच्याकडे आईच्या जुन्या वॉयल साडीचा तुकडा खास यासाठी ठेवलेला आहे. पहिल्या पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब, पुढच्या दोन-तीन कोरड्या. शेवटची पट्टी पांढरी बाहेर आली की झालं. रबर आणि नळी कोरडीच राहू द्यायची. तिथे तेलाचा थेंबही नको.

दुसरं काम, नळीचं हलणं थांबवणं. बाहेर दिसते ती नळी शोभेची. बीबी जाते ती आतली, पितळेची किंवा ॲल्युमिनियमची बारीक नळी. स्वस्त रायफलीत ती आत सैल असते. बोटाने टोक हलवून बघा, खुळखुळली तर नेम रोज वेगळा लागणार. दोन-तीन ठिकाणी टेपचे समान वेढे देऊन ती घट्ट मध्यावर बसवा. खर्च टेपचा, आणि फरक कागदावर दिसण्याइतका.

तिसरं, सगळे स्क्रू तपासणं. स्टॉकचे (खांद्याला टेकतो तो दस्ता), स्कोपचे (नेमाची दुर्बीण), स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीचे. स्कोपचा एक सैल स्क्रू तुम्हाला आठवडाभर हॉप-अपशी झगडत ठेवू शकतो.

मग रबर, आणि त्यानंतर नळी

पैसे खर्च करायची वेळ आली की पहिले दहा-पंधरा पौंड रबरावर घाला. तैवानच्या मेपल लीफसारख्या कंपन्या वेगवेगळ्या कडकपणाची रबरं बनवतात, पन्नास, साठ, सत्तर अंश अशी. आकडा जेवढा लहान तेवढं रबर मऊ. जोरदार रायफलीला कडक रबर, कमी ताकदीला आणि थंड हवेला मऊ. जानेवारीत सकाळी नऊला शून्याखाली तापमान असताना रबर आखडलेलं असतं आणि पहिल्या दहा-पंधरा बीबी कुठेही जातात. इंग्लंडच्या हवेत मी साठच्या वर जायचं टाळते.

रबर बदलताना त्याला वरून दाबणारा हॉपचा आर्म नीट पाहा. स्वस्त रायफलीत हा प्लास्टिकचा असतो आणि डावी-उजवीकडे डुलतो. तो मध्यावर दाबत नसेल तर फिरकी तिरकी बसते आणि बीबी सत्तर टक्के अंतर सरळ जाऊन शेवटी केळ्यासारखी वळते. वारा नसताना बीबी नेहमी एकाच बाजूला वळत असेल तर नेमाला दोष देऊ नका, आर्म बघा. त्याच्या बाजूला पातळ प्लास्टिकची चकती घातली की डुलणं थांबतं.

नळीचा नंबर यानंतर. साधी नळी आतून ६.०८ मिलिमीटरची असते, चांगली ६.०३ किंवा ६.०१ ची. बीबी ५.९५ ची, म्हणजे मोकळीक किती उरते ते तुम्हीच मोजा. मोकळीक कमी असली की हवा वाया कमी जाते. पण नळी जितकी तंग, तितकी ती मळाला आणि वाईट बीबीला जास्त हळवी. हलक्या दर्जाच्या बीबी मारून ६.०१ ची नळी लावणं म्हणजे पोफळीच्या वाफ्याला समुद्राचं पाणी. ६.०३ ची, आतून गुळगुळीत असलेली नळी बहुतेकांना पुरते. आतला गुळगुळीतपणा तंगपणाहून महत्त्वाचा.

"नळी लांब घेतली तर?" असं विचारणारे खऱ्या बंदुकीचा विचार करत असतात. इथे पंपात जेवढी हवा आहे तेवढीच आहे. व्हीएसआर-१० च्याच लांब रूपात आतली नळी ४३० मिलिमीटरची असते आणि आखूड जी-स्पेकमध्ये ३०३ ची. दोन्ही उत्तम मारतात. पंपातली हवा संपल्यावरही बीबी नळीतच असेल तर उरलेला प्रवास नुसता घासण्यात जातो.

हवा गळते कुठे ते शोधा

सिलिंडर, म्हणजे दट्ट्या ज्यात सरकतो तो नळकांड्यासारखा भाग, बाहेर काढा, स्प्रिंग काढून ठेवा. स्प्रिंगमध्ये सैल असतानाही थोडा दाब असतो, म्हणून मागचं बूच उघडताना तोंड समोर नको आणि अंगठा सोडायची घाई नको. आता नुसता दट्ट्या सिलिंडरमध्ये घाला, पुढचं छिद्र बोटाने बंद करा आणि दट्ट्या आत ढकला. चांगल्या सिलिंडरमध्ये तो हवेच्या गादीवर अडकल्यासारखा थांबतो आणि सोडल्यावर थोडा मागे येतो. सरळ आत गेला तर हवा गळते आहे.

बहुधा रबरी रिंग लहान किंवा सुकलेली असते. सिलिकॉन तेल लावून पाहा, नाहीतर दोन-तीन पौंडांची थोडी जाड रिंग आणा. दुसरी जागा म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या टोकाचे आटे. तिथे नळ बसवताना प्लंबर गुंडाळतो तीच पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली की काम होतं. तिसरी गळती सिलिंडरचं टोक रबरात शिरतं तिथे असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण नवं रबर बसवल्यावर बहुतेक वेळा मिटते.

गळती का एवढी महत्त्वाची? ताकद थोडी कमी मिळाली तर चालतं. पण प्रत्येक वेळी वेगवेगळी गळाली तर एका बीबीचा वेग १३५, दुसरीचा १४५, आणि पन्नास मीटरवर एक गुडघ्याला, एक डोक्यावरून. स्नायपरला हवी असते ती प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी.

आतली कडी: महाग अपग्रेडचं खरं कारण

तीनशे पौंडांचा आकडा येतो कुठून? बहुतेक दट्ट्या आणि ट्रिगर संचातून. हे समजायला घराचं दार बघा. दाराच्या लॅचची जीभ तिरकी असते. दार ढकललं की ती आपोआप आत सरकते. जोरात धक्का मारत राहिलं तर झिजते आणि एके दिवशी धरत नाही. अडसर मात्र सरळ काटकोनात अडवतो. त्याच्यावर धक्का बसला तरी तो घसरायला जागाच नसते.

स्वस्त रायफलीत दट्ट्याला धरणारी कडी ४५ अंशांत तिरकी असते, लॅचसारखी. मूळ स्प्रिंगला ती टिकते. एम१५० किंवा एम१७० स्प्रिंग लावली की (हा आकडा म्हणजे ०.२० ची बीबी सेकंदाला साधारण किती मीटर जाईल तो) मऊ जस्त-मिश्रधातूची कडी कडेने खाल्ली जाते. मग बोल्ट पुढे नेताना चापाला हात न लावता रायफल सुटू शकते. गैरसोय तर आहेच, पण हा धोका आहे. म्हणून जोरदार स्प्रिंग लावायचीच असेल तर आधी ९० अंशांचा पोलादी ट्रिगर संच आणि त्याला जुळणारा दट्ट्या, दोन्ही एकत्र. एक बदलून दुसरा ठेवला तर ते एकमेकांना धरतच नाहीत.

यातून बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. तीनशे पौंड लागतात ते जोरदार स्प्रिंगसाठी लागणाऱ्या पोलादासाठी. स्प्रिंगचा हट्ट सोडला तर चाळीस-साठ पौंडांत रायफल खेळण्याजोगी होते.

"मग सरळ चांगलीच रायफल का घेऊ नये?"

पैसे असतील तर जरूर घ्यावी. जपानी किंवा तैवानी रायफल डब्यातून काढून मारायला लागते. पण अठरा वर्षांच्या मुलाला मी स्वस्तच सुचवेन. कारण ती उघडावी लागते. हवेची गळती, फिरकी, घर्षण, कडीचा कोन हे त्याने पुस्तकात वाचलेलं असतं, इथे ते बोटाला कळतं. आणि स्नायपरची भूमिका त्याला आवडते का हेही कळतं. दिवसभर ओल्या गवतात पालथं पडून चार गोळ्या मारणं सगळ्यांच्या स्वभावात नसतं. काही जण तीन रविवारांनी रायफल विकतात. शंभराची विकलेली परवडते.

स्कोपवर मात्र सुरुवातीला पैसे घालू नका. साठ मीटरच्या खेळाला साधा चारपट दाखवणारा स्कोप पुष्कळ झाला.

देखभाल: थोडी पण नेमाने

प्रत्येक खेळानंतर नळी पुसायची. दोन-तीन महिन्यांनी सिलिंडर काढून जुनं तेल पुसून दट्ट्याच्या रिंगला सिलिकॉन तेलाचा एक थेंब. कडीच्या घासणाऱ्या कडेला आणि स्प्रिंगला ग्रीसचा पातळ हात, भाकरीला पाणी लावतो तेवढाच. गंज सोडवायचे पेट्रोलजन्य फवारे रबराजवळ नेऊ नका. त्यांनी रबर फुगतं किंवा चिरतं.

रायफल भरलेल्या, म्हणजे स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत कधीच ठेवू नका. स्प्रिंगचा जोर जातो, शिवाय घरात कोणी चाप ओढला तर? घरी हॉप-अप बंद करून ठेवा, म्हणजे रबरावर खड्डा पडत नाही. बीबी न भरता नुसतं मारण्याचा चाळाही टाळा. समोर दाबायला बीबी नसली की दट्ट्या सिलिंडरच्या तोंडावर जास्त जोरात आपटतो.

चाप ओढल्यावर आतून सतारीच्या तारेसारखा झंकार येत असेल तर स्प्रिंग तिच्या आतल्या सळईवर सैल आहे. ग्रीसने तो कमी होतो. नाहीतर जाड सळई घ्यावी लागते. लपून बसणाऱ्याला हा आवाज महागात पडतो.

कायदा आणि डोळे

आता बहिणीचा दुसरा प्रश्न. ब्रिटनमध्ये २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम कायद्याने एअरसॉफ्टची मर्यादा आखली: एका वेळी एक गोळी मारणाऱ्या रायफलीला २.५ ज्यूल, सलग मारणारीला १.३. त्यापुढे गेलेली रायफल एअरसॉफ्ट म्हणून मिळणारी सूट गमावते. जपानमध्ये तर २००६ पासून ६ मिलिमीटरच्या बीबीला जेमतेम ०.९८ ज्यूल चालतात, आणि तरी तिथले स्नायपर खेळाडू उत्तम खेळतात. फिरकी आणि नळी नीट असली की किती कमी ताकदीत भागतं, ते यावरून कळावं.

इथे एक फसगत होते. मैदानावर सकाळी वेगमापक यंत्रावर रायफल तपासतात. काही रायफलींत जड बीबी नळीत थोडा जास्त वेळ राहते, हवेचा धक्का तिला जास्त वेळ मिळतो आणि तिची ऊर्जा हलक्या बीबीपेक्षा वाढते. म्हणजे ०.२० वर नियमात बसलेली रायफल ०.४० वर बाहेर जाऊ शकते. ज्या बीबीने खेळणार तिनेच तपासून घ्या, पंचाने विचारलं नाही तरी.

२००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन कायद्याने हुबेहूब दिसणाऱ्या प्रतिकृतींच्या विक्रीवर बंदी आणली, पण नियमित एअरसॉफ्ट खेळाडूंना सवलत ठेवली. त्यासाठी दुकानं युकारा नावाची नोंदणी मागतात, आणि ती मिळते किमान दोन महिन्यांच्या काळात तीन खेळ खेळल्यावर. तोवर भडक रंगाची रायफल. रंगाने तिच्या माऱ्यात काही फरक पडत नाही. गाडीतून मैदानापर्यंत ती बंद पिशवीतच न्यायची. रस्त्यात उघडी दिसली तर लोक पोलिसांना बोलावतील, आणि त्यांचं चूक नसेल. सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय प्रतिकृती बाळगणं हा गुन्हाच आहे. आणि सुट्टीत भारतात जाताना ती बॅगेत टाकायचा विचारही नको. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात, आणि त्या नियमांत प्रतिकृतींचाही विचार केलेला आहे.

डोळ्यांबाबत मी कुणाशीही तडजोड करत नाही. नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे. गॉगलवर ईएन १६६ हे मानक आणि त्यापुढे बी हे अक्षर बघा. त्याचा अर्थ, ६ मिलिमीटरची ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने आदळली तरी काच टिकली. स्नायपरच्या बीबीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा झाली ती. खालचा जबडा आणि दात झाकणारा मुखवटाही घ्या. आणि स्नायपरला मैदानं अंतराचं बंधन घालतात, बहुधा तीस मीटर. त्याहून जवळच्या माणसावर मारायचं नाही, त्यासाठी कमरेला छोटं पिस्तूल ठेवायचं. अंतर नजरेने ओळखता येत नसेल तर घरामागच्या गल्लीत पावलं मोजून सराव करा, रायफलीविना.

हॉप-अप कसं लावायचं

हे शेवटी ठेवलं, कारण वरचं सगळं झाल्याशिवाय याला अर्थ नाही. हॉप-अप पूर्ण बंद करून सुरुवात करा. पन्नास मीटरवरच्या झाडावर मारा. बीबी आधीच खाली पडेल. हॉप-अपचा खटका केसभर पुढे करा, पाच मारा. पुन्हा केसभर. बीबी सपाट जाऊन अगदी शेवटी झुकायला लागली की थांबा. मध्येच वर चढायला लागली तर फिरकी जास्त झाली. त्यानंतरच स्कोप जुळवायचा. बीबीचं वजन बदललं की हे सगळं पहिल्यापासून.

भाच्याने मे महिन्यात मैदानाच्या सराव पट्टीवर तीस मीटरवर कागद लावला. पहिल्या दिवशी दहापैकी तीन बीबी पोळीएवढ्या वर्तुळात होत्या. त्याने ०.३६ च्या बीबी, एक रबर, टेप आणि जाड रिंग एवढंच घेतलं, एकंदर तीस पौंडांच्या आत. गेल्या रविवारी त्याने मला कागदाचा फोटो पाठवला. आठ आत आहेत. उरलेल्या दोन्ही डावीकडे, आणि दोन्ही जवळपास एकाच जागी. वारा नव्हता म्हणतो. या शनिवारी तो रायफल घेऊन माझ्याकडे येतो आहे, हॉपचा आर्म उघडून बघायला.